मराठी कादंबरीतला मतदार

राजकीय कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. मंत्र्यांचे बंगले, सचिवालयातली कुजबूज, रात्री-अपरात्री खणखणणारे टेलिफोन आणि आमदारांची फोडाफोड. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी हे चित्र आपल्या मनावर पक्के ठसविले. पुढे १९७९ साली जब्बार पटेलांनी त्यांवर चित्रपट काढला आणि राजकारण म्हणजे एवढेच, अशी आपली समजूत होऊन बसली. साधूंची योग्यता मी कमी लेखीत नाही. सत्तेच्या आतल्या गोटाची त्यांच्याइतकी जाण असलेले लेखक मराठीत फार थोडे. परंतु ज्याच्या नावावर हा सारा डाव मांडलेला असतो, तो मतदार तेथे कुठे आहे? मुख्यमंत्री राहणार की जाणार, हे आमदारांच्या बेरीज-वजाबाकीवर ठरते. त्या आमदारांना निवडून देणारी माणसे आपल्याला भेटतच नाहीत.

मग खेड्याकडे वळावे, तर तेथेही निराळा अनुभव येत नाही. शंकर पाटलांच्या ‘टारफुला’त (१९६४) पाटील मरतो आणि त्याच्यामागे गावावर सत्ता कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. कादंबरी मोठ्या ताकदीची आहे. पण काळच असा, की गावाने फक्त धाक मानावयाचा. याचा दोष लेखकाला देता येणार नाही. तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’ चित्रपटात साखरसम्राट हिंदुराव आहे आणि एका माणसाच्या नाहीसे होण्याचा जाब त्याला विचारणारा मास्तर आहे. मी पेशाने शिक्षक, तेव्हा हा मास्तर मला जवळचा वाटला तर नवल नाही. परंतु या दोघांच्या झुंजीत गावाला तोंडच नाही. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) बेचाळीसच्या चळवळीपासूनचा मोठा पट मांडला आणि कार्यकर्त्याला माणूस म्हणून उभे केले, हे तिचे ऋण मान्य करावयास हवे. तरीही कार्यकर्ता म्हणजे मतदार नव्हे.

मतदार जेथे येतो, तेथे तो बहुधा विनोदापुरता येतो: फुकटचे मटण खाणारा, दोन्ही पक्षांकडून पैसे घेणारा, मिशीत हसणारा इरसाल गावकरी. असा माणूस नसतोच असे नाही. पण सारे गाव तसेच, हे मी मानावयास तयार नाही.

आमचे मनमाडच घ्या. हे रेल्वेचे जंक्शन. डॉ. आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, ही व्यथा त्यांनी तेथे मांडली. ज्या आजोबाने ते भाषण ऐकले, त्याच्या नातवाचे मत आज कोणत्या वाटेने जात असेल? ज्या गावाने नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिली, तेथे हंडा भरून ठेवणाऱ्या बाईचा राजकीय कल कशाने ठरत असेल? पक्षाने, जातीने, नवऱ्याच्या सांगण्याने की त्या हंड्याने? हे प्रश्न कादंबरीकाराचेच आहेत. आकडेवाल्यांना त्यांचे उत्तर सापडणार नाही.

आमचे गाव ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते, तेथे २०२४ साली जे घडले ते पाहा. निवडून आले भास्कर भगरे, तेही शिक्षक. त्यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. भगरे आडनावाचेच एक अपक्ष उमेदवार होते. त्यांचे चिन्ह नुसती ‘तुतारी’. त्या अपक्षाला १ लाख ३ हजारांहून अधिक मते पडली! वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातमी छापली आणि विषय संपला. पण यांतील कितीजणांनी घरी जाऊन सांगितले असेल, की “तुतारीला देऊन आलो”, आणि संध्याकाळी शेजाऱ्याने खुलासा केल्यावर ते गप्प झाले असतील? त्या गप्प होण्यात एक कादंबरी आहे.

दुसरीही एक आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, मुख्यतः उत्तर व मध्य भारतात, याद्यांतून गळाली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. मतदान केंद्रावर कामाला बसलो, की यादीतले नाव मोठ्याने वाचले जाते. म्हाताऱ्या बायका आपलेच नाव परक्याच्या तोंडून ऐकून क्षणभर बावरतात, मग बोट पुढे करतात. शाई लागायला लागतो एवढाच तो वेळ. पण आमच्या साहित्यात तो आलेला मी वाचलेला नाही.

कोणी म्हणेल, कादंबरीत मतदार नसला तर बिघडले कोठे? मला वाटते, बिघडते. २० मे २०२४ या एकाच दिवशी दिंडोरीत सुमारे ६७ टक्के मतदान झाले. कल्याण आणि दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ती मी साहित्याच्या माथी मारणार नाही. पण ज्या मुंबईत आमची राजकीय कादंबरी मुक्काम ठोकून आहे, तेथेच निम्मी माणसे घरी बसतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. माझ्या वर्गातली मुले मोठी होऊन पुस्तकांत वाचतील, की सारे वरच्या वर ठरते. मग मतदानाच्या दिवशी तीही सुट्टी म्हणूनच का बसणार नाहीत?

साधूंनी सिंहासन दाखविले, ते उत्तम दाखविले. आता कोणीतरी शाळेच्या व्हरांड्यातली ती रांग दाखवावी. रात्रपाळी करून आलेला रेल्वेवाला, हंडा खाली ठेवून आलेली बाई, आणि पहिल्यांदाच आलेला, चिन्हे पाहून गोंधळलेला पोरगा. एवढी सामग्री पुरे आहे. लिहिणारा मुंबईचा असला तरी माझी तक्रार नाही. त्याने एकदा मनमाडला गाडी बदलण्यापुरते न उतरता दोन दिवस राहावे, इतकेच.