तुंबलेला नळ की मोडलेला काटा?

हृदयविकार समजावताना एक चित्र हमखास काढले जाते : धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे नळात साचलेला गाळ. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात ते चटकन पटते, कारण जड पाण्याने पाइपात धरणारे पुट मुलांनी पाहिलेले असते. आमच्या मते मात्र हे चित्र मुख्य गोष्टच झाकून टाकते.

पाइप निर्जीव असतो, धमनीची भिंत जिवंत पेशींची. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तात वाढले की ते भिंतीवर बसत नाहीत. भिंतीच्या आत शिरून अडकतात. तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. अस्तराच्या पेशींच्या खुणेवर रक्तातील पांढऱ्या पेशी आत येतात आणि भक्षकपेशी बनून ते कण गिळू लागतात. एरवी पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की तिचे दार मिटते; भक्षकपेशी ज्या दाराने हे बदललेले कण घेतात, त्याला अशी कडीच नसते. खाऊन खाऊन पेशी फेसाळ दिसू लागते. कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे तिच्यातून इंटरल्युकिन-१ हा दाहाचा संदेश सुटतो, हे २०१० मध्ये दाखवले गेले.

तेव्हा नळाऐवजी टाचेत मोडलेला बाभळीचा काटा घ्यावा. सूज आणि पू ही धावून आलेल्या पेशींची करणी. अर्थात काटा बाहेरचा, एलडीएल आपलेच. हा फरक वर्गात सांगायलाच हवा.

काल धडधाकट असलेल्या माणसाला आज झटका कसा येतो, हे नळाला सांगता येत नाही. भक्षकपेशींची विकरे गाठीवरचे आवरण पातळ करतात, ते फुटते आणि तेथे रक्त गोठते. अशा गाठीने आधी फारशी वाट अडवलेलीही नसते.

२०१७ मध्ये कसोटी लागली. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत इंटरल्युकिन-१ अडवणारे कॅनाकिनुमॅब वापरले गेले. एलडीएल घटले नाही, तरी मधल्या मात्रेत झटक्यांसारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. प्राणघातक संसर्ग मात्र वाढले.

आणि चित्रातला रुग्ण नेहमी ढेरपोट्याच का? पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नवजात बाळे मोजली. इंग्लंडमधील बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो, तर या बाळांचे सुमारे २.७. स्नायू बेताचे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती.