सात प्रश्नांचा तराजू

कोराडीच्या वीज केंद्रामुळे तेथे ठिकठिकाणची कुटुंबे येऊन राहिली. कॉलेजच्या एकाच बाकावर घरी वऱ्हाडी बोलणारा आणि घरी हिंदी बोलणारा असे दोघे बसतात. दोघांची चिंता एकाच प्रश्नावलीने मोजता येईल का?

‘जीएडी-७’ ही प्रश्नावली सध्या सर्रास वापरली जाते. स्पित्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली की पुढे तपासणी करायची. पण तिची पारख झाली ती दवाखान्यात आलेल्या प्रौढ रुग्णांवर. तिथे चिंताविकार असलेल्या १०० पैकी ८९ जण सापडले, आणि तो विकार नसलेल्या १०० पैकी १८ जणही अडकले. हेच आकडे कॉलेजला लावून पाहू. समजा, १००० मुलांत ५० जणांना विकार आहे. त्यांतले ४५ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १७१ उगाच. म्हणजे बोट दाखवलेल्या पाचांत खरा एकच! (मुलांच्या कपाळी शिक्का मारायची घाई आपल्याकडे आधीच फार.)

‘आमच्या मुलांवर विश्वसनीयता उत्तम आली, म्हणजे चाचणी लागू पडते,’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. दर वेळी १०० ग्रॅम जास्त दाखवणारा तराजूही विश्वसनीयच असतो. प्रश्न सप्रमाणतेचा आहे.

खरी अडचण शब्दांत आहे. आपली ‘काळजी’ वाटतेही आणि घेतलीही जाते; हिंदीतल्या ‘चिंता’ची छटा वेगळी. ‘निवांत होणे जड जाते का?’ असे विचारले, तर कॉलेज सुटल्यावर दुकानात काम करणारा मुलगा ‘जवळजवळ रोज’ लिहील. त्याला विकार नाही, वेळ नाही. उलट छातीतली धडधड सात प्रश्नांत कुठेच नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये लक्षणे तेवढीच तीव्र असूनही कृष्णवर्णीयांचे गुण इतरांपेक्षा कमी भरले. तिथे तर भाषाही एकच होती.

तेव्हा १० ही रेषा इथे पुन्हा शोधावी लागेल. प्रत्येक भाषागटातल्या काही मुलांच्या मुलाखती तज्ज्ञाने, गुण न पाहता, घ्याव्यात. कमी गुणांची मुलेही त्यांत हवीतच. एरवी चाळणीतून निसटलेले कोण, हे कळायला मार्ग नाही.