हळू प्रवासाची घाई

तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचा कुठलाही अलीकडचा दिवाळी अंक काढा. पाककृती आणि मुलांची चित्रं यांच्यामध्ये कुठेतरी तो लेख असतोच. नोकरीतून महिनाभर रजा, पाठीवर सॅक, आग्नेय आशियातला एखादा देश, सोबत कुणी नाही, आणि सगळं कसं 'सावकाश'. असा एक लेख माझ्याही नावावर आहे. 2023च्या जानेवारीत मी लाओसला एकटी गेले होते, त्यावर लिहिलेला. परवा एका मैत्रिणीला पाठवायला म्हणून तो काढला आणि वाचता वाचता अस्वस्थ होत गेले. म्हणून आज परीक्षण त्याचंच. दुसऱ्याच्या लेखावर लिहिण्यापेक्षा हे बरं, निदान फोन तरी येणार नाहीत.

लेख सुरू होतो तो मेकाँगवरच्या 'स्लो बोट'पासून. थायलंडच्या सीमेवरच्या हुए सायहून लुआंग प्रबांगपर्यंत दोन दिवस, मधली रात्र पाकबेंगला. या दोन दिवसांना मी सहा परिच्छेद दिलेत. पाण्यावरचा उजेड, काठावरच्या म्हशी, जुन्या मोटारींतून काढून नावेत ठोकलेल्या सीट्स आणि माझं एकटेपण. वर्णन वाईट नाही. पण नाव माझ्यासारख्याच सॅकवाल्यांनी भरली होती, हे मी लिहिलेलं नाही. मध्येच तांदळाची पोती घेऊन काही बायका चढल्या आणि जिथे धक्काही नव्हता अशा वाळूवर उतरून डोंगर चढून गेल्या. त्यांच्या वाट्याला माझ्या लेखात एकच शब्द आहे, 'हसतमुख'. मला हा संथपणा विकत घेता आला. त्यांच्या गावाला बहुधा रस्ताच नव्हता. डिसेंबर 2021मध्ये चीनला जोडणारी रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून व्हिएन्तिआनहून लुआंग प्रबांग दोन तासांवर आलं आहे. ज्या लाओ माणसाला तिकीट परवडतं, तो सुखाने गाडीत बसतो. 'गाडी आली आणि जादू गेली' असं दुःख मी मात्र व्यक्त केलं आहे. कोणाची जादू?

मग येतं 'बो पेन न्यांग'. लाओसवरच्या प्रत्येक लेखात हे असतंच. अर्थ साधा आहे: काही हरकत नाही, असू दे. मी त्यातून अख्खं जीवनदर्शन काढलं. आता सांगा, पुण्यात नळदुरुस्तीवाला 'चालतंय हो' म्हणाला की तुमचं-आमचं काय होतं? तिथे तो आळस, आणि इथे निर्वाण! आदल्याच वर्षी किप हे तिथलं चलन डॉलरपुढे कोसळलं होतं आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. माझं रोजचं जेवण त्यामुळेच इतकं स्वस्त पडत होतं. लेखात मी 'स्वस्त आणि मस्त' असं लिहून मोकळी झाले.

पुलंचं 'पूर्वरंग' तुम्ही वाचलंच असेल. सोबत सुनीताबाई, ठरलेला कार्यक्रम, सॅक नाही. आजच्या व्याख्येने तो 'स्लो' नाही आणि 'सोलो' तर नाहीच. पण त्यात भेटलेली माणसं बोलतात आणि लेखक ऐकतो. लंडनच्या मीना प्रभू 'सोलो' हा शब्द आपल्याकडे रुळण्याआधीपासून एकट्या फिरत होत्या. कधी कधी त्या माहितीचा ढीग घालतात, हे खरं. पण तो ढीग लोकांना प्रश्न विचारून जमलेला असतो. नॉर्मन लुईस 1950मध्ये इंडोचायनात फिरला आणि पुढच्या वर्षी 'अ ड्रॅगन अपॅरंट' आलं. फ्रेंचांची राजवट, युद्ध पेटलेलं, जी गाडी मिळेल तिने पुढे जायचं. त्याचा वेग त्याच्या हातात नव्हता, आणि हे तो वाचकापासून लपवत नाही. या पुस्तकांशेजारी माझा लेख ठेवला आणि एक हिशोब केला: त्यात लाओ माणसाच्या तोंडी किती वाक्यं आहेत? एकही नाही. तुमचाही असा लेख असेल, तर मोजून बघा.

फोन्सावनला मी चार दिवस होते. लेखात त्याच्या दोन ओळी आहेत: दगडी रांजणांचं पठार, 2019पासून जागतिक वारसा, वारा छान. प्रत्यक्षात त्या पठारावर जमिनीत बसवलेल्या लाल-पांढऱ्या खुणांमधून चालावं लागतं. पांढऱ्या बाजूची जमीन तपासून साफ केलेली, लाल बाजूची नाही. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातून सुमारे 27 कोटी छोटे बॉम्ब विखुरले आणि साधारण तीस टक्के फुटलेच नाहीत. टेनिसच्या चेंडूएवढे असतात. लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात, आणि पोरं खेळायला उचलतात. बॉम्बच्या रिकाम्या कवचांत गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी कांद्याची पात लावली होती. त्यांच्या भावाचं निम्मं शेत पडीक होतं, कारण यंत्र घेऊन वीतवीत जमीन तपासणारं पथक अजून तिथवर पोचलं नव्हतं. हे त्यांनी मला चिकट भाताची टोपली पुढे सरकवत, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मग विचारलं, कुठून आलात?

मी म्हणाले, 'इंडिया'.

पासपोर्ट माझा अमेरिकन आहे. मी तिथे कर भरते, मत देते. 2016मध्ये ओबामा लाओसला गेले, पदावर असताना तिथे जाणारे पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. हे बॉम्ब काढण्यासाठी त्यांनी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर जाहीर केले, तेव्हा मी फेसबुकवर अभिमानाने ते शेअरही केलं होतं. पण त्या टोपलीसमोर मला अचानक सोलापूर आठवलं. बाई खूश झाल्या, आणखी भात वाढला.

हे लेखातून गाळ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीचा अंक आहे, प्रसन्न असावं, एवढाच मी माझ्याशी केलेला युक्तिवाद. आणि मग जागा उरली म्हणून पाकबेंगच्या सूर्यास्तावर आणखी एक परिच्छेद घातला.

मैत्रिणीला लेख अजून पाठवलेला नाही. पुन्हा लिहायला घेतला आहे. नावेचा आता एकच परिच्छेद उरला आहे, त्या पोतीवाल्या बायकांचा. 'इंडिया' या शब्दाच्या पुढे काय लिहायचं, तिथे तीन आठवडे अडले आहे.