माणसं नसलेल्या गावातली रांग

मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन मॉडेलकाराने ‘एल्गिन पार्क’ नावाचं गाव वसवलं. गाव खोटं, पण फोटो बघणारा हमखास फसतो. 1:24 मापाच्या जुन्या मोटारी आणि हाताने केलेली दुकानं टेबलावर मांडायची, मागे खरी झाडं, खरी घरं. अंतर असं साधायचं की दोन्हींची मापं डोळ्याला एकच वाटावीत. खरं-खोटं कॅमेऱ्यातच जुळतं.

यातलं गणित मला फार आवडतं. पाच फुटांवरची नजर 24ने भागली की सव्वासहा सेंटीमीटर. लेन्स तेवढ्याच उंचीवर असेल तर आपण रस्त्यावर उभे असतो. वर सरकली की गाडीचं खेळणं होतं. मागचं धूसर झालं तरी चोरी पकडली जाते. स्मिथ साधा, खिशातला कॅमेरा वापरायचा. आपल्या फोनचा सेन्सरही बारीकच. पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवायचा. नांदेडला गच्चीवर मी हे करून पाहिलंय. ऊन तिरपं असलं की काम फत्ते.

तरीही एल्गिन पार्क बघताना मला काहीतरी टोचतं. तिथे माणूसच दिसत नाही. भांडण नाही, घाम नाही. आठवणीतून माणसं वगळली की कुठलंही गाव सुंदरच दिसणार.

मग वाटतं, हीच पद्धत लातूरला लावली तर? 2016च्या मार्चमध्ये तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्याचा देखावा करायचा तर धूळ खाल्लेला टँकर हवा, आणि समोर घागरींची रांग. फूटभर उंचीची घागर या मापात सव्वा सेंटीमीटरची होते.

माणूस एकही ठेवू नका. आपल्याकडे नंबर लावून माणूस सावलीत जातो, घागर उन्हात उभी राहते. कुठली घागर कुणाची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं.

स्मिथच्या रिकाम्या रस्त्यावर कुणी राहतं, यावर माझा विश्वास बसत नाही. या रांगेवर बसेल.