चौकट सुगम्य, मजकूर मुका

अहमदनगर (ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ 'एस-थ्री-वास' या चौकटीवर उभे आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या या चौकटीच्या नावातला एक 'एस' 'सुगम्य' शब्दाचा आहे आणि तो शोभेपुरता नाही. अक्षरे मोठी करता येतात, रंगसंगती बदलता येते, माउसशिवाय थेट मुख्य मजकुरावर जाता येते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याहून नगर शंभराहून अधिक किलोमीटर पडते. तिथल्या अंध माणसाला ही सोय म्हणजे चैन नव्हे.

आमची तक्रार चौकटीबद्दल नाही. अशा चौकटींत कार्यालये, संस्था आणि आपल्या शाळाही जे भरतात, त्याबद्दल आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला की तो नुसता फोटो. पडदावाचक प्रणालीला त्यात अक्षरच सापडत नाही.

दुसरा दोष अधिक फसवा, कारण डोळस माणसाला तो दिसतच नाही. जुन्या मराठी फाँटांत संगणक रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवतो. फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो, इतकेच. पडदावाचकाला पोशाख दिसत नाही. तो खालची रोमन खिचडी बोलू लागतो. युनिकोडमध्ये (पहिली आवृत्ती १९९१) 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. 'कि'मधली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुना फाँट ती आधी साठवतो. युनिकोड आधी 'क' आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल लिपीही हेच करते. बोटांसाठी सुटलेला प्रश्न आपण पडद्यासाठी पुन्हा निर्माण करून ठेवला, तो असा!

कायदा नाही असे नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्याखालच्या नियमांनी सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीसारखे ठेवले, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजीव रतुरी यांच्या याचिकेवर, सक्तीचे निकष तीन महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितले. पण परिपत्रक टंकित करणारा लिपिक कोणता फाँट निवडतो, हे दिल्लीत ठरत नाही.

शिक्षकांना शाळेच्या संगणकावर पाच मिनिटांत हे तपासता येईल. एखाद्या परिपत्रकातला 'शिक्षक' हा शब्द निवडून कोऱ्या पानावर उतरवा. निवडताच आला नाही तर तो फोटो. रोमन खिचडी उतरली तर जुना फाँट. 'शिक्षक' जसाच्या तसा आला तर एन.व्ही.डी.ए. ही मोफत प्रणाली तो वाचून दाखवील. आवाज जरा यांत्रिक आहे, कान सरावायला वेळ लागतो. (युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरे कधी विस्कटतात, तेव्हा एका शब्दावर थांबू नये.) सहीचा कागद दप्तरी हवाच असेल तर राहू द्यावा, त्याच्या शेजारी मूळ टंकित फाइलही चढवायला वेगळा खर्च येत नाही.