संचांची फेरपालट आणि पानाचे मूल्य

खेळ आणि भाषा यांची तुलना भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस नवी नाही. सोस्यूरच्या निधनानंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत बुद्धिबळाचा दृष्टान्त येतो. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात वा आकारात नसून पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधात असते, हा त्याचा आशय. परंतु बुद्धिबळात एका डावाची मोहरी पुढच्या डावात तशीच परत येतात. आखाजीला खानदेशातील गावोगाव जे पत्ते रंगतात त्यांतही पाने ५२च असतात, आणि आजोबांना येणारा डाव नातवाला बिनतक्रार उपयोगी पडतो. घटकांचा साठाच जेथे ठरावीक काळाने बदलतो, त्या व्यवस्थेतील मूल्याचा विचार हा दृष्टान्त करू शकत नाही. त्यासाठी वेगळा खेळ पाहिला पाहिजे.

असा खेळ म्हणजे संग्राह्य पत्त्यांचा. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. यात खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः जुळवितो. त्यात किमान ६० पाने असतात आणि मूलभूत भूमिपत्ते वगळता एका नावाची चारांहून अधिक पाने चालत नाहीत. नवे संच सतत निघत राहिल्याने आरंभीची दुर्मीळ पाने ज्याच्याजवळ, त्याचेच पारडे जड होऊ लागले. म्हणून १९९५ च्या आरंभी स्पर्धांसाठी दुसरा प्रकार सुरू झाला. त्यात अलीकडचेच संच ग्राह्य धरले जात. तोच पुढे प्रमाण प्रकार म्हणून रूढ झाला. जुने संच त्यातून ठरलेल्या वेळी बाद होतात. यालाच येथे फेरपालट म्हटले आहे. (कापूस पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या फेरपालटीत गेलेले पीक पुन्हा शेतात येते, येथे गेलेला संच सहसा परत येत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.)

फेरपालटीची चर्चा करताना बहुतेकांचे लक्ष जाणाऱ्या पानांकडे असते. आमच्या मते ही दृष्टी अपुरी आहे. खरा बदल होतो तो राहणाऱ्या पानांत. २०१४ च्या ‘खान्स ऑफ तारकिर’ या संचात अशी भूमिपत्ते होती की, ती खर्ची घालून खेळाडूने कॅटमधून ठरावीक जातीची दुसरी भूमी शोधून आणावी. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ‘बॅटल फॉर झेंडिकार’ संचातील काही भूमींना दोन दोन जाती होत्या. दोहोंची गाठ पडताच एका शोधपत्त्यातून चार रंगांपर्यंत वाट निघाली आणि चार रंगांचे कॅट स्पर्धांत सर्रास दिसू लागले. एप्रिल २०१६ मध्ये शोधपत्ते बाद झाले. झेंडिकारच्या भूमींवरील मजकुराचे एक अक्षरही बदलले नव्हते. पण त्यांचे मूल्य एका दिवसात उतरले. त्याच महिन्यात माद्रिद येथील स्पर्धा स्टीव्ह रुबिनने जिंकली ती हिरव्या-पांढऱ्या अशा दोनच रंगांच्या कॅटने. मूल्य संबंधात असते, हे वर्गात सांगण्यास याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कधी कधी एक पान नव्हे, एक कोटीच नष्ट होते. ‘पोकेमॉन’ या खेळात पानाच्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेले असते व त्यावरून त्याची ग्राह्यता ठरते. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ खुणेची पाने प्रमाण प्रकारातून गेली आणि त्यांबरोबर ‘व्हीस्टार’ हा संपूर्ण वर्ग गेला. डावात एकदाच वापरावयाची त्या वर्गाची शक्ती नेमकी केव्हा खर्चावी, हा निर्णयच खेळातून नाहीसा झाला. संस्कृतातील द्विवचन प्राकृतांत लोपले तेव्हा अनेकवचनाला जे जास्तीचे काम पत्करावे लागले, त्याची येथे आठवण होते. उलट एखादे पान नव्या खुणेसह पुन्हा छापले गेले, तर त्याच नावाची जुनी प्रतही चालते.

साम्य मात्र येथे संपते. द्विवचन कोणा मंडळाने ठराव करून काढलेले नव्हते. पत्त्यांच्या व्यवस्थेला मालक आहे, आणि जो पाने बाद करतो तोच नवी पाने विकतो. फेरपालटीमुळे नवख्याला प्रवेश मिळतो हे खरे. पाठांतराचे बळ घटून नवी व्यवस्था वाचण्याचे बळ वाढते हेही खरे. पण त्या वाचनाची फी दरवेळी भरावी लागते, आणि जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला ती मुंबईकराहून हलकी नसते. कौशल्य व पैसा यांतील हा तंटा फेरपालटीने मिटत नाही. दुर्मीळ पानांच्या किमतीवरून तो नव्या संचांच्या किमतीवर सरकतो एवढेच.

तरीही मालकाची सत्ता निरंकुश नाही. २०१६ मध्ये ‘मॅजिक’ची फेरपालट वर्षातून दोनदा करण्यात आली. खेळाडूंची नाराजी पाहून त्याच वर्षी ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये तर संचांचे आयुष्य वाढवून तीन वर्षांपर्यंत नेण्यात आले. याचे स्वागत झाले. आम्ही मात्र ते सावधपणे करतो. संच अधिक काळ टिकले की पानापानांतील संबंधांची संख्या वाढते, आणि २०२५ मध्ये तर एका वर्षात सहा संच या प्रकारात आले. अशा साठ्यात अनपेक्षित जुळण्या निपजणारच. ३० जून २०२५ रोजी प्रमाण प्रकारातील सात पानांवर एकदम बंदी आली. फेरपालट मंदावली, तेव्हा तिचे काम बंदीहुकुमाला करावे लागले. फेरपालटीची तारीख खेळाडूला आधी कळते, म्हणून तो तयारी करू शकतो. बंदीची तशी नोटीस फार आधी मिळत नाही, आणि कालपर्यंत अभ्यासलेला कॅट एका सकाळी निरुपयोगी होतो.