मॉर्फिन कमी लागलं, पण दुखणं कमी झालं का?

गॅबापेन्टिन हे मुळात फिट्सवरचं औषध. ते आणि प्रीगॅबालिन मज्जातंतूंच्या दुखण्यावरही देतात. ही औषधं मज्जापेशींवरच्या कॅल्शियम चॅनेलच्या ‘अल्फा-२-डेल्टा’ या भागाला चिकटतात आणि वेदनेचे संदेश पुढे जाणं मंदावतं. मग ऑपरेशनच्या वेळीच ती दिली तर नंतर मॉर्फिनसारखी ओपिऑइड कमी लागतील, असा तर्क निघाला आणि जगभर चाचण्या झाल्या.

‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या जर्नलमध्ये २०२० साली व्हेरे आणि सहकाऱ्यांनी अशा २८१ चाचण्या, म्हणजे सुमारे २४,७०० रुग्ण, एकत्र तपासले. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर वाचावा असं मला वाटतं.

कारण त्यांनी ‘फरक पडला का?’ एवढंच विचारलं नाही, तर ‘रुग्णाला जाणवेल इतका पडला का?’ हे विचारलं. वेदनेच्या १०० गुणांच्या मापावर किमान १० गुणांचा फरक हवा, हा त्यांचा निकष. २४ तासांनी फरक निघाला सरासरी ७ गुणांचा, ४८ तासांनी फक्त ३. संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा, पण खाटेवरच्या माणसाला क्वचितच कळेल असा. मळमळ-उलटी थोडी कमी झाली. चक्कर आणि दृष्टीच्या तक्रारी मात्र वाढल्या.

‘पण ओपिऑइड तर कमी लागलं ना?’ असं तुम्ही म्हणाल. लागलं, थोडंसं. इथे जरा थांबा. ही औषधं गुंगी आणतात. मॉर्फिनच्या पंपाचं बटण रुग्णाच्याच हातात असेल, तर पेंगुळलेला माणूस ते कमी वेळा दाबणारच! म्हणजे कमी मिलिग्रॅम हा आराम की झोप, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय ओपिऑइडच्या जोडीला ही औषधं दिली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये तसा इशारा दिला, विशेषतः वृद्ध आणि फुप्फुसाचे आजार असलेल्यांसाठी.

पेपरची मर्यादाही आहेच. वेगवेगळी ऑपरेशन्स आणि डोस एका सरासरीत आले, की एखाद्या विशिष्ट गटाला झालेला फायदा त्यात झाकला जाऊ शकतो. त्यामुळे ‘कुणालाच उपयोग नाही’ असा अर्थ काढू नका. ‘सगळ्यांना सरसकट देऊ नका’, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आउटकम लिहिताना हे लक्षात ठेवा: मोजायला सोपं ते मोजताय, की रुग्णाला हवं ते?